चेंडू सोडला की सुटला? अमेरिकन फुटबॉलमधला फंबल आणि अपूर्ण पास

मराठीत 'सोडणे' आणि 'सुटणे' ही एकाच घरातली दोन क्रियापदे आहेत. पहिल्यात करणाऱ्याची इच्छा असते, दुसऱ्यात नसते. दोर हातातून सोडला आणि दोर हातातून सुटला, या दोन्ही वाक्यांत दोराची गत एकच होते, पण बोल कोणाला लावायचा हे बदलते. अमेरिकन फुटबॉलच्या पंचांना अत्यंत घाईने आणि हजारो डोळ्यांसमोर द्यावा लागणारा एक निर्णय नेमका या दोन क्रियापदांमधला आहे. क्वार्टरबॅकच्या, म्हणजे आक्रमण करणाऱ्या संघात चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूच्या, हातातून चेंडू बाहेर पडला आणि जमिनीवर आदळला. त्याने तो सोडला असेल तर तो पास, आणि कोणी झेलला नाही म्हणून अपूर्ण पास. सुटला असेल तर फंबल. या दोहोंच्या परिणामांत इतके अंतर आहे की त्यावर अख्खे हंगाम फिरले आहेत.

हा खेळ आपल्याकडे फारसा पाहिला जात नाही आणि अमेरिकेत राहणारे मराठी लोकही पुष्कळदा फेब्रुवारीतल्या सुपर बोलपुरतेच, म्हणजे व्यावसायिक लीगच्या अंतिम सामन्यापुरतेच, त्याच्या वाटेला जातात, म्हणून आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. आक्रमण करणाऱ्या संघाला १० यार्ड पुढे सरकण्यासाठी चार संधी मिळतात. त्यांना डाउन म्हणतात. प्रत्येक डाउनच्या सुरुवातीला मधला खेळाडू चेंडू मागे क्वार्टरबॅककडे देतो आणि क्वार्टरबॅक तो घेऊन स्वतः पळू शकतो, दुसऱ्याच्या हाती देऊ शकतो किंवा पुढे फेकू शकतो. पुढे फेकण्याची ही मुभा १९०६ साली मिळाली. त्याआधी हा खेळ रग्बीच्या वळणाचा होता आणि चेंडू हाताने फक्त मागे किंवा आडवा देता येत असे. फंबल की पास हा प्रश्न त्या मुभेबरोबरच जन्माला आला.

पुढे फेकलेला चेंडू कोणीही न झेलता जमिनीला टेकला की त्याच क्षणी तो डेड होतो, म्हणजे खेळातून बाद होतो. घड्याळ थांबते, एक डाउन खर्ची पडतो आणि पुढचा डाउन जिथून खेळ सुरू झाला होता तिथूनच सुरू होतो. नुकसान एवढेच. फंबल झालेला चेंडू मात्र जमिनीवर पडूनही खेळात राहतो आणि जो उचलेल त्याचा होतो. बचाव करणाऱ्या संघातल्या एखाद्या धिप्पाड खेळाडूने तो उचलून विरुद्ध दिशेने धाव घेतली तर थेट टचडाउनही, म्हणजे चेंडू गोलरेषेपलीकडे नेऊन सहा गुण, होऊ शकतो. पंचाने एका शब्दाऐवजी दुसरा शब्द उच्चारला की सहा गुण आणि चेंडूचा ताबा या कुशीवरून त्या कुशीवर होतात.

आता मुख्य कसोटी. अमेरिकेच्या व्यावसायिक लीगचा, म्हणजे एनएफएलचा नियम असे धरतो की चेंडू ताब्यात असलेल्या खेळाडूने तो पुढे फेकण्याच्या प्रयत्नात हात जाणूनबुजून पुढे न्यायला सुरुवात केली की पास सुरू झाला. त्यामुळे पंचाला दोनच क्षणांचा क्रम लावायचा असतो: हात पुढे जायला लागला तो क्षण, आणि चेंडूवरचा ताबा गेला तो क्षण. हात आधी पुढे निघाला आणि ताबा नंतर गेला तर पास. ताबा आधी गेला तर फंबल. ऐकायला सोपे वाटणारे हे वाक्य मैदानावर किती अवघड होते ते पाहण्यासारखे आहे.

समजा, क्वार्टरबॅकने फेकण्यासाठी हात कानामागे नेला आहे आणि मागून आलेल्या बचावपटूने त्याच्या मनगटावर तडाखा मारला. चेंडू उसळून सात-आठ यार्ड पुढे जाऊन पडला. प्रेक्षकाला वाटते, चेंडू पुढे गेला म्हणजे पास. पण हाताने पुढची वाट धरलीच नव्हती, म्हणून हा फंबल. आता याच्या उलट कल्पना करा: हात पुढे निघाला आहे, चेंडू मुठीत घट्ट आहे आणि त्याच वेळी कोपराला धक्का लागल्यामुळे चेंडू क्वार्टरबॅकच्या पाठीमागे पडला. मागे पडलेला चेंडू पुढचा पास कसा असेल, असे कोणीही विचारेल. तरीही नियमाच्या दृष्टीने तो पुढचा पासच आहे, कारण पास सुरू झाल्यानंतर प्रतिस्पर्ध्याच्या धक्क्याने दिशा बदलली तर चेंडू कुठे पडला याला किंमत राहत नाही. म्हणजे इथे आपले सोडणे-सुटणेही पुरेसे पडत नाही. चेंडू खरे तर सुटलेला असतो, पण सोडण्याची क्रिया सुरू झालेली असल्यामुळे नियम त्याला सोडलेलाच मानतो.

सर्वांत फसवा प्रकार तिसरा. तडाख्याने चेंडू तळहातात सैल झाला, बोटांवरून किंचित घरंगळला आणि त्यानंतर हात पूर्ण वेगाने पुढे आला. दुरून पाहताना फेकीची सगळी लक्षणे दिसतात: खांदा वळतो, हात पुढे झेपावतो, चेंडूही पुढे जातो. पण हात पुढे आला तेव्हा त्यात ताबा नव्हता. तो रिकामा हात होता आणि चेंडू केवळ त्याच्या बरोबरीने चालला होता. हा फंबल. रिप्लेमध्ये एकच चित्र मागेपुढे करत तळहात आणि चेंडू यांच्यामधली फट शोधली जाते ती बहुधा याच प्रकारासाठी.

चेंडू मुळात पुढे फेकला की मागे, हा आणखी एक वेगळा प्रश्न आहे आणि त्याची गल्लत वरच्या प्रश्नाशी होऊ देऊ नये. क्वार्टरबॅकने जाणूनबुजून बाजूला किंवा मागे टाकलेला चेंडू सहकाऱ्याने सोडला तर तो अपूर्ण पास होत नाही. तो खेळात राहतो आणि कोणीही उचलू शकतो. सरळ आडवा गेलेला चेंडूही मागे गेलेल्यातच धरतात. हातातून चेंडू निघाला ती जागा आणि तो प्रथम कुठे टेकला ती जागा यांची तुलना करायची असल्यामुळे हा निर्णय देण्यास कडेच्या रेषेवरचे पंच अधिक सोयीच्या ठिकाणी असतात, कारण त्यांना मैदान आडवे दिसते. याउलट दोन्ही हातांनी खालून हलकेच पुढे ढकललेला चेंडूही पुढचा पासच असतो. तो दिसायला कितीही गचाळ असला तरी जमिनीवर पडला की अपूर्ण.

क्वार्टरबॅकच्या हातावर नजर ठेवण्याचे काम रेफरीचे, म्हणजे पांढरी टोपी घातलेल्या मुख्य पंचाचे असते. एनएफएलमध्ये मैदानावर सात पंच असतात, पण रेफरी क्वार्टरबॅकच्या मागे, सहसा त्याच्या फेकणाऱ्या हाताच्या बाजूला उभा राहतो. बाकी सगळे मैदान चेंडूच्या मागे मान वळवत असताना त्याने मात्र चेंडू गेल्यावरही क्वार्टरबॅककडेच पाहायचे असते. फंबल दिसला तर ती जागा लक्षात राहावी म्हणून पंच कमरेची छोटी पिशवी जमिनीवर टाकतात. पास अपूर्ण ठरला तर दोन्ही हात कमरेसमोर आडवे फिरवतात आणि शिट्टी वाजते. यातल्या शिट्टीनेच सर्वांत जास्त मनस्ताप दिला आहे.

१४ सप्टेंबर २००८ रोजी डेन्व्हरमध्ये ब्रॉन्कोज आणि सॅन दिएगो चार्जर्स यांचा सामना शेवटच्या मिनिटापर्यंत आला होता. चार्जर्स ३८-३१ असे पुढे होते आणि डेन्व्हर त्यांच्या गोलरेषेपासून अगदी जवळ होते. क्वार्टरबॅक जे कटलरच्या हातातून चेंडू निसटला. तो स्पष्ट फंबल होता आणि चार्जर्सच्या टिम डॉबिन्सने तो ताब्यातही घेतला, पण रेफरी एड होक्युली यांनी अपूर्ण पास समजून शिट्टी वाजवली होती. रिप्ले पाहिल्यावर चूक त्यांच्या लक्षात आली, परंतु त्या वेळच्या नियमानुसार शिट्टी वाजली की चेंडू डेड आणि डेड चेंडू नंतर कोणी उचलला याला अर्थ नाही. त्यामुळे चेंडू जिथे जमिनीला लागला त्या जागी, म्हणजे १० यार्डांच्या रेषेवर नेण्यात आला, मात्र ताबा डेन्व्हरकडेच राहिला. पुढे डेन्व्हरने टचडाउन केला, त्यानंतर मिळणाऱ्या जोडसंधीत किकच्या एका गुणाऐवजी दोन गुणांचा धोका पत्करला आणि ३९-३८ असा सामना जिंकला. होक्युली हे लीगमधले अत्यंत मानाचे पंच. त्यांनी चूक उघडपणे मान्य केली. मला या प्रसंगात त्यांच्या नजरेच्या चुकीपेक्षा नियमाची अडचण अधिक बोलकी वाटते: खरे काय घडले हे सगळ्यांना कळले होते, तरी ते दुरुस्त करण्याचा मार्गच उपलब्ध नव्हता.

पुढच्याच वर्षी, २००९ मध्ये, तो मार्ग काढण्यात आला. अपूर्ण पासाची शिट्टी वाजली असली तरी रिप्लेत फंबल दिसला आणि लागलीच चालू राहिलेल्या झटापटीत चेंडू कोणाच्या हाती गेला हे स्पष्ट असेल, तर ताबा त्या संघाला देता येतो. मात्र चेंडू उचलून पुढे पळत मिळवलेले अंतर मिळत नाही. म्हणूनच आजचे पंच शंका असेल तर शिट्टी आवरून धरतात. खेळ चालू दिला आणि नंतर तो अपूर्ण पास निघाला तर सगळे जसेच्या तसे मागे आणता येते. खेळ लवकर थांबवला तर जे घडलेच नाही ते परत घडवता येत नाही.

रिप्लेचाही स्वतःचा एक कल असतो. मैदानावरचा निर्णय बदलण्यासाठी चित्रात स्पष्ट आणि उघड पुरावा लागतो. तो नसेल तर आधीचा निर्णय कायम राहतो. आपल्या क्रिकेटमध्ये तिसऱ्या पंचाकडे निर्णय गेल्यावर मैदानावरच्या पंचाचे आधीचे मत महत्त्वाचे ठरते, तसेच हे. परिणामी, एकच चेंडू मैदानावर फंबल ठरला तर फंबल राहील आणि अपूर्ण पास ठरला तर अपूर्ण पास राहील, असेही घडू शकते. १ फेब्रुवारी २००९ च्या सुपर बोलमध्ये, पिट्सबर्ग स्टीलर्स २७-२३ असे पुढे असताना, ॲरिझोना कार्डिनल्सच्या कर्ट वॉर्नरच्या हातातून शेवटच्या काही सेकंदांत चेंडू निसटला आणि तो फंबल दिला गेला. हात पुढे निघाला होता की नाही यावर बरीच चर्चा झाली. रेफरीने सामना थांबवून पडद्यावर पाहिले नाही. वरच्या कक्षातल्या अधिकाऱ्यांनी चित्रण पाहून निर्णयाची खात्री केली होती, असा लीगचा खुलासा नंतर आला. एवढ्या मोठ्या सामन्यात दोन मिनिटे थांबून सर्वांना दाखवून निर्णय दिला असता तर बिघडले नसते, असे माझे मत आहे.

महाविद्यालयीन फुटबॉलने शंकेचा प्रश्न नियमातच मिटवून टाकला आहे. पुढे फेकण्याच्या प्रयत्नात चेंडू निसटला आणि खात्री होत नसेल तर तो पास समजावा, फंबल नव्हे, असे तिथला नियम सांगतो. व्यावसायिक लीगने हात कधी पुढे निघाला हे ठरवण्याचा भार पंचांच्या आणि कॅमेऱ्याच्या डोळ्यांवर ठेवला. या भाराचे सर्वांत विचित्र फळ म्हणजे १९९९ साली आलेला तथाकथित टक नियम (टक म्हणजे चेंडू अंगाशी खोचून घेणे).

अडचण अशी होती. क्वार्टरबॅक फेकण्यासाठी हात पुढे नेतो, मध्येच विचार बदलतो आणि चेंडू परत छातीशी आणू लागतो. त्या परतीच्या वाटेवर तो निसटला तर काय म्हणायचे? नेमक्या कुठल्या क्षणी त्याचा विचार बदलला हे पंचाला कसे कळणार? नियम लिहिणाऱ्यांनी मनात डोकावण्याचा प्रश्नच निकालात काढला. हात एकदा पुढे निघाला की पास सुरू झाला, आणि चेंडू पूर्णपणे शरीराशी घट्ट धरला जाईपर्यंत तो सुरूच राहिला, असे त्यांनी ठरवले. तर्काच्या दृष्टीने हे सुटसुटीत होते. डोळ्यांना मात्र ते पटत नसे.

१९ जानेवारी २००२ च्या रात्री मॅसॅच्युसेट्समधल्या फॉक्सबरो इथे बर्फ पडत असताना ते सगळ्या देशाने पाहिले. उपांत्यपूर्व टप्प्यातल्या त्या बाद सामन्यात ओकलंड रेडर्स १३-१० असे पुढे होते आणि दोन मिनिटांपेक्षा कमी वेळ उरला होता. रेडर्सचा चार्ल्स वुडसन, जो मिशिगन विद्यापीठात टॉम ब्रेडीचा सहखेळाडू होता, त्याच ब्रेडीवर येऊन आदळला. ब्रेडीने फेकीचा आव आणून हात खाली आणला होता आणि दुसरा हात चेंडूकडे येत होता. चेंडू पडला, रेडर्सच्या ग्रेग बीकर्टने त्यावर झेप घेतली आणि मैदानावर फंबलचा निर्णय झाला. सामना तिथेच संपल्यासारखा होता. शेवटच्या दोन मिनिटांत तपासणीची मागणी प्रशिक्षकाने करायची नसते, ती वरच्या कक्षातून येते. ती आली आणि रेफरी वॉल्ट कोलमन यांनी पडद्यावर पाहून निर्णय फिरवला: हात पुढे गेला होता, चेंडू अजून छातीशी स्थिरावला नव्हता, म्हणून अपूर्ण पास. ॲडम विनाटिएरीने त्या बर्फात ४५ यार्डांवरून किक मारून बरोबरी साधली, जादा वेळेत आणखी एका किकने न्यू इंग्लंड पेट्रियट्सने १६-१३ असा विजय मिळवला आणि पुढे त्यांनी आपला पहिला सुपर बोलही जिंकला.

रेडर्सचे चाहते आजही कोलमन यांना दूषणे देतात, पण मला तो निर्णय नियमाला धरूनच वाटतो. शिवाय पेट्रियट्सना हा नियम ऐन वेळी गवसलेला नव्हता. त्याच हंगामात सप्टेंबरमध्ये न्यू यॉर्क जेट्सविरुद्ध त्यांनीच पटकावलेला एक फंबल याच नियमाने अपूर्ण पास ठरला होता आणि तो सामना ते हरले होते. दोष असलाच तर तो नियमाचा होता. लोकांच्या डोळ्यांना स्पष्ट फंबल दिसत असलेल्या गोष्टीला वेगळे नाव देणारा नियम फार काळ प्रतिष्ठा टिकवू शकत नाही. तरीही तो जायला मार्च २०१३ उजाडला. संघमालकांच्या मतदानात २९ विरुद्ध १ असा ठराव झाला. विरोधात मत दिले ते स्टीलर्सनी, आणि पेट्रियट्स व वॉशिंग्टन तटस्थ राहिले. आता हात पुढे नेऊन परत आणताना, किंवा पुन्हा फेकण्यासाठी मागे नेताना चेंडू निसटला तर तो फंबल असतो. मनात डोकावण्याचा प्रश्न अर्थातच परत आला, फक्त आता हात कोणत्या दिशेने जात होता यावरून पंच मनाचा अंदाज बांधतात.

पासाच्या दुसऱ्या टोकालाही हाच वाद उभा राहतो. झेलणाऱ्याने चेंडू पकडला, लगेच तडाखा बसला आणि चेंडू सुटला. आता हा फंबल की पासच अपूर्ण? झेल पूर्ण झाला असेल तरच तो गमावता येतो, म्हणून इथे झेलाची व्याख्या निर्णायक ठरते. क्रिकेट पाहणाऱ्या मराठी वाचकाला १९९९ च्या विश्वचषकात हेडिंग्लीवर हर्शेल गिब्जने स्टीव्ह वॉचा झेल हाती आल्यावर आनंदाने वर उडवण्याच्या घाईत सोडला तो प्रसंग आठवत असेल. चेंडूवर आणि स्वतःच्या हालचालीवर पूर्ण नियंत्रण असल्याशिवाय झेल होत नाही, असे क्रिकेट सांगते. एनएफएलने २०१८ मध्ये झेलाचा नियम नव्याने लिहिला. चेंडूवर ताबा हवा, दोन्ही पाय किंवा शरीराचा दुसरा एखादा भाग मैदानाच्या आत टेकायला हवा आणि त्यानंतर खेळाला साजेशी एखादी हालचाल व्हायला हवी, उदाहरणार्थ तिसरे पाऊल किंवा चेंडू पुढे सरकवणे; किंवा अशी हालचाल करण्याइतका वेळ तरी गेलेला असायला हवा. हे तिन्ही जुळून आल्यावर चेंडू सुटला तर फंबल, नाहीतर अपूर्ण पास. झेलतानाच एका श्वासात तडाखा बसला तर तो बहुतेक वेळा अपूर्णच ठरतो आणि ते योग्यही आहे, कारण जे हाती आलेच नाही ते हरवले कसे म्हणायचे?

या सगळ्या नियमांचे गृहीत असे आहे की फंबल करायची कोणाला इच्छा नसते. १० सप्टेंबर १९७८ रोजी सॅन दिएगोमध्ये रेडर्सच्या केन स्टेबलरने हे गृहीतच उलटे केले. संघ २०-१४ असा मागे, दहा सेकंद उरलेले, आणि बचावपटू त्याला खाली पाडत होता. त्याने चेंडू पुढे टाकून दिला. तो घरंगळत चालला तेव्हा पीट बनाझॅकने त्याला आणखी पुढे ढकलले आणि शेवटी डेव्ह कॅस्परने लाथेने आणि हाताने पुढे लोटत गोलरेषेपलीकडे त्यावर अंग टाकले. पंचांनी तो फंबल मानला. जोडगुणाच्या किकसह रेडर्स २१-२० असे जिंकले. आपण हे मुद्दाम केले होते, अशी कबुली स्टेबलर आणि बनाझॅक या दोघांनीही पुढे दिली. तो चेंडू सोडलेलाच होता, पण सुटल्याचे सोंग घेऊन आला होता. दुसऱ्या वर्षी लीगने नियम बदलला, आणि खेळाडूच्या मनात काय होते हे शोधण्याची जबाबदारी या वेळीही पंचांवर टाकली नाही. चौथ्या डाउनवर आणि प्रत्येक अर्धाच्या शेवटच्या दोन मिनिटांत आक्रमक संघाच्या खेळाडूकडून फंबल झाला तर ज्याच्या हातून चेंडू सुटला तोच तो उचलून पुढे नेऊ शकतो. त्याच्या दुसऱ्या सहकाऱ्याने पुढे जाऊन पकडला तर चेंडू फंबलच्या जागी परत आणला जातो. बचाव करणाऱ्या संघावर असे कोणतेही बंधन नाही, तो उचलून हवा तिथपर्यंत पळू शकतो.